वीस पावलांवरून

१४ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. तुझी तिन्ही पत्रं मिळाली. माझा खोकला बरा आहे. जिन्यात एकदाचा दिवा लागला, तेव्हापासून घरमालक राज्य जिंकल्यासारखा फिरतोय. छोटीची परीक्षा कशी झाली?

भाऊजींच्या नावाची पाटी अजून का झाली नाही, असं तू विचारलंस. "त्यांना आवडायची तीच तुझी नवी अक्षरं हवीत," असंही लिहिलंस. ताई, त्यांना ती आवडत नव्हती. मेहुण्याचं काम म्हणून चारचौघांत कौतुक करायचे, एवढंच.

जाडजूड, चौकोन आणि अर्धवर्तुळांतून कापलेली, मधल्या फटी जवळजवळ बुजवलेली अक्षरं. पुढच्या शतकातून आल्यासारखी वाटतात, असं एका मासिकात छापून आलं आणि माझ्या डोक्यात हवा गेली. नाट्यगृहाचं काम मिळालं, तेव्हा दर्शनी नावापासून पाण्याच्या नळापर्यंत सगळीकडे मी तीच लावली.

बाबा पाटी रंगवून झाली की वीस पावलं मागे जायचे आणि डोळे किलकिले करून बघायचे. वाचता आली तरच ब्रश धुवायचे. पावलं मी मोजायचो, आठवतं? या पाट्या मात्र मी फक्त संगणकावर पाहिल्या, हातभर अंतरावरून.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी भाऊजी म्हणाले, "अरे, लांबून नुसते ठोकळे दिसतात. बाहेरचं दार कुठलं नि सामानाची खोली कुठली, काही कळत नाही. मी इथला व्यवस्थापक, मला पाठ आहे. लोकांचं काय?"

मी म्हणालो, "भाऊजी, चष्मा बदला."

सगळे हसले. तेही हसले.

नाट्यगृहाला आग लागली त्या दिवशी भाऊजी बाहेर आले होते, ताई. हे तुला कुणी सांगितलं नसेल. चार माणसं सामानाच्या खोलीत शिरली, हे कळल्यावर ते परत आत गेले, ते गेलेच. त्या चौघांतली एक बाई वाचली. मी तिला दवाखान्यात भेटलो. ती म्हणाली, "धुरात दोन्ही पाट्या सारख्याच दिसल्या हो."

वायरमनला कोठडीत टाकलंय. त्याला जन्मभर सोडू नये, असं तू लिहितेस. आग त्याच्या तारांमुळे लागली असेल. पण त्या माणसांना त्या खोलीत तारांनी नेलं नाही, मी नेलं. सोमवारी चौकशीत मी हे सगळं सांगणार आहे. त्याआधी तुला माझ्याकडून कळायला हवं होतं. चार महिने तुझ्या दारात आलो नाही, ते खोकल्यामुळे नव्हे. तोंड दाखवायची लाज वाटत होती.

पाटी सोबत पाठवतोय. बाबांच्या साध्या वळणात लिहिली आहे. भिंतीला टेकवून वीस पावलं मागे गेलो. भाऊजींचं नाव स्वच्छ वाचता येतं.

तुझा भाऊ,
अजून तसं म्हणू देणार असलीस तर.