लाल मोटारीची तीन दिवसांची तपासणी

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? (नसेल देत तर लिफ्टने जात जा. जन्मभर मी लिफ्टच दुरुस्त केल्या, पण घरच्या एकाही माणसाचा माझ्या कामावर विश्वास नाही.) माझी तब्येत ठणठणीत आहे, फक्त कंबर धरली आहे. त्याला कारण एक खेळण्यातली मोटार, आणि ते सविस्तर सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

झालं असं, की मुलगी कामाच्या प्रशिक्षणाला परगावी जाणार म्हणून सहा वर्षांच्या नातीला आठ दिवस माझ्याकडे ठेवणार होती. नात मला फक्त फोनवर ओळखते, आणि तिथेही माझा उल्लेख 'ते' असा करते. ते जेवले का, त्यांना केस का नाहीत, वगैरे. मला, ताई, एकदा तिच्या तोंडून 'आजोबा' ऐकायचं होतं. म्हातारपणाचा हट्ट म्हण हवं तर. म्हणून रिमोटवर चालणारी मोटार घ्यायला मी खेळण्यांच्या दुकानात गेलो.

दुकानातल्या बाईंनी तीन मोटारी काढल्या. एक सुसाट पळणारी, एक कोलांट्या मारणारी आणि एक मोठ्या चाकांची लाल. त्यांनी नातीचं वय विचारलं. मी त्यांना मोटार किती वजन पेलते, सोडल्यावर किती अंतरात थांबते आणि मध्येच सेल संपला तर आतल्या माणसाचं काय, असं विचारलं. आत माणूस नसतो, असं बाई शांतपणे म्हणाल्या. मग मी माझा जेवणाचा डबा, चष्म्याचं घर आणि त्यांचं स्टेपलर मोटारींवर ठेवून वजनाची चाचणी घेतली. सुसाटवाली जागची हलली नाही. दुसरीने डब्यासकट कोलांटी मारली (डबा रिकामा होता म्हणून अब्रू वाचली). लाल मात्र कुरकुर न करता काउंटरच्या टोकापर्यंत गेली. तीच घेतली. बाईंनी न मागता सूट दिली, बहुधा मी लवकर जावं म्हणून.

नात आली. मी खोकं तिच्या हातात दिलं आणि लगेच काढून घेतलं. तू कपाळाला हात लावशील, पण नवी लिफ्ट आम्ही तीन दिवस रिकामी चालवल्याशिवाय तिच्यात माणूस घेत नसू, आणि अशा सवयी निवृत्त होत नाहीत. मोटारीवर 'तपासणी चालू' अशी चिठ्ठी चिकटवली. पोर कोचावर पाय हलवत बसली आणि मी जमिनीवर रांगू लागलो. माझं आयुष्य गेलं वर आणि खाली यांत. डावं-उजवं मला नवीन. मोटार लांब जाताना शहाण्यासारखी वळे, पण माझ्याकडे येऊ लागली की डावं दाबलं तरी उलट्याच बाजूला जाई. कपाटाखाली गेली, न्हाणीघरात गेली, दार उघडं होतं म्हणून समोरच्या निवृत्त मुख्याध्यापिकांकडे गेली. त्यांनी ती जप्त केली आणि माझ्याकडून माफीचा अर्ज लिहून घेतला. दोन दिवस नात कोचावरून नुसती बघत राहिली. मी धसकाच घेतला. या पोरीच्या आठवणीत मी खेळणं दाखवून न देणारा टकल्या म्हणूनच राहणार, असं वाटायला लागलं.

तिसऱ्या दिवशी मोटार माझ्याच घोट्यावर आदळली. तेव्हा नात कोचावरून उतरली आणि माझ्याशेजारी पालथी पडली.

"आजोबा, तुम्ही मोटारीत बसलाय असं समजा. मग डावं ते डावंच राहतं."

ताई, मी बसलो मोटारीत, आणि मोटार अगदी बरोबर वळली. हाक मारून झाली आहे हे मात्र मला नंतर कळलं, आणि त्यावर मी फक्त 'हं' म्हणालो होतो. डोळ्यांत पाणी आलं, ते घोटा दुखल्यामुळे, असं तिला सांगितलं. चिठ्ठी तिथल्या तिथे फाडली. तेव्हापासून रिमोट माझ्या हाती लागलेला नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. : खरं काम राहिलंच. मुलगी रविवारी न्यायला येते. नातीला आणखी आठ दिवस ठेव, असं तिला तू सांग. मी सांगितलं की ती कारणं विचारते. तुला विचारायची तिची हिंमत नाही.

आणखी एक ता. क. : वरचं राहू दे. नातीने परस्पर बंदोबस्त केला आहे. मोटार ती घरी नेणार आणि रिमोट माझ्याकडे ठेवणार. अगं, मग दोन्ही फुकट, तुझी मोटार चालायची कशी, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "म्हणून तर. आता आईला मला इथे आणावंच लागेल."