दात्यांच्या यादीतील नाव

धारूर, मार्गशीर्ष शुद्ध दशमी, सायंकाळ

अन्नछत्राच्या संकेतस्थळास अध्यक्ष म्हणून माझी संमती हवी, यास्तव चिटणीस बाबुरावांनी पहिले दान माझ्याच हातून करविले. नावाच्या चौकटीत मी, दानपेटीपाशी म्हणतो तेच, ‘श्रीकृष्णार्पण’ लिहिले. तत्काळ ईमेल आला: ‘प्रिय श्रीकृष्णार्पणजी, आपले नाव दात्यांच्या यादीत झळकले आहे!’

बाबुराव हसले. “काका, नाव दिसलं की माणूस परत दान देतो. लई कामाचं हाय.”

हे दानाचे आवाहन, की नावाचे आमिष? मग गुप्तदानाचे काय? मी संमती रोखली.

परंतु घरी येऊन ती यादी दोनदा उघडली. कशासाठी? तीत माझे खरे नाव नाही, हे खुपले म्हणून.

उद्या संमती देईन; यादी मात्र काढून टाकावयास लावीन. माझ्यासारख्यांसाठीच.