मालूमावशीचा मांजरांचा पुठ्ठा

प्रिय मालूमावशी,

पत्र लिहिणाऱ्यांना तू हसायचीस. "फोन मेला का यांचा?" म्हणायचीस. आता सांग, तुला कुठल्या नंबरावर लावू? तुझा नंबर माझ्या फोनमध्ये अजून आहे, 'मालूमावशी बालवाडी' म्हणून. तू गेल्यावर दोनदा लावूनही पाहिला. ही गोष्ट मी घरात कुणाला सांगितलेली नाही.

मुलं घरी गेलीत आणि मी वर्गातच बसले आहे. सुदामा नगरची तुझी तीच पुढची खोली, तीच सतरंजी. समोर तुझा मांजरांच्या चित्राचा पुठ्ठा आहे. आज तुझ्याशी बोलले नाही तर मला जेवण जायचं नाही.

आधी काय चाललंय ते ऐक. तू गेल्यापासून वर्गातली मोजणी जुळत नाही. पद्धत तुझीच ठेवली आहे. प्रार्थना झाली की गोल बसायचं आणि एकाने सगळ्यांच्या डोक्याला हात लावत मोजायचं. मुलं सोळा, मी एक, सतरा. पण मुलं अठरा म्हणतात!

कोपऱ्यावरच्या पोहेवाल्याची नात वेदू आठवते ना? गेल्या वर्षी तुझ्या मांडीत झोपायची ती. आता साडेचारची झाली. 'सतरा'ला ती माझ्या डोक्यावर हात ठेवते, मग खिडकीपाशी जाते, तुझ्या स्टुलाच्या वर हवेत हात धरते आणि म्हणते, "अठारह." तू बसलीस की तुझं डोकं जिथे यायचं, बरोब्बर तेवढ्या उंचीवर. पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी मी स्टूल उचलून आत नेऊन ठेवलं. दुसऱ्या दिवशी तिने रिकाम्या जागी हात धरला. तेवढ्याच उंचीवर!

"नाही गं, सतरा," मी म्हणते. रोज म्हणते. मुलं वाद घालत नाहीत. नुसती एकमेकांकडे बघतात.

तिच्या आईला विचारलं तर ती म्हणाली, "अरे दीदी, बच्ची है, खेलती है." असेल. पण मग माझं काय? मी तर लहान नाही. पोळ्या मोजते आणि कानात तुझा आवाज येतो, "मोज परत." दोरीवरचे कपडे मोजते, "मोज परत." जिन्याच्या पायऱ्या मी आयुष्यात कधी मोजल्या नव्हत्या, त्याही हल्ली मोजते. कितीही मोजलं तरी काहीतरी एक राहिलंय असं वाटत राहतं.

आणि ते दोन शब्द कुठून आले, हे तुला ठाऊक आहे. मलाही ठाऊक आहे.

मी तुझ्याकडे आले तेव्हा ट्रेनिंगचं सर्टिफिकेट घेऊन आले होते, आणि नाक वर करून. तू मात्र मल्हारगंजातल्या मिठाईवाल्याकडचे रिकामे खोके आणून कापत बसली होतीस. खोक्याच्या आतल्या पांढऱ्या बाजूवर मेणाच्या खडूंनी चित्रं काढायचीस. पुठ्ठ्यांना पेढ्यांचा वास यायचा आणि एखादं पोर हमखास चाटून बघायचं. खाली आकडा नाही, अधिकची खूण नाही. मी म्हटलं, "मावशी, यात प्लस कुठे आहे?" तू म्हणालीस, "ती फुली काय पोरांनी खायची आहे? आधी कुणीतरी येऊ दे. कुणी आलं की जोड आपोआप होते." खरंच, तुझ्या प्रत्येक चित्रात कुणीतरी येत असायचं. दोन चिमण्या तारेवर, एक उडत येतेय. गाडीजवळ तीन बकऱ्या, एक गल्लीतून येतेय.

आणि तुझा तो तळहात! मुलांनी पहिला घोळका मोजला की तू त्यावर फट्‌कन हात ठेवायचीस, बांगड्या वाजायच्या. "अब हाथ के नीचे कितने?" "तीन!" "भाग तो नहीं गए?" "नहींऽऽ!" मग येणाऱ्यापासून पुढे, चार, पाच. मी तुला सांगितलं की याला आमच्याकडे एक मोठं नाव आहे, मूल एकपासून न मोजता पुढे मोजायला शिकतं म्हणून. तू खडू शोधत म्हणालीस, "असेल बाई." मला राग आला होता. आता तो तळहात दिवसभर आठवतो.

मग तो पालकांचा दिवस आला.

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा. सगळे आईबाप भिंतीला टेकून बसलेले, तू सतरंजीच्या मधोमध. तू मांजरांचा पुठ्ठा काढलास. घराच्या ओट्यावर मांजराची पिल्लं, आणि गल्लीतून दोन पिल्लं येतायत. तू विचारलंस आणि मुलं एका सुरात ओरडली, "छह!" मी मागे उभी होते. मी पाहिलं, ओट्यावर तीन, गल्लीत दोन. पाच. एका मुलाचे वडील मोठ्याने हसले. "अरे मॅडमजी, तीन और दो छह कब से होने लगे?" खोली हसली.

मावशी, मीही हसले. हे मला लिहायलाच हवं. मी पुढे झाले, तुझ्या हातून पुठ्ठा घेतला आणि मुलांना म्हटलं, "पाच. पाच म्हणा."

तू माझ्याकडे पाहिलंस. "रेवा, मोज परत."

"मावशी, बस आता," मी हळूच म्हणाले. पण जवळ बसलेल्यांनी ते ऐकलं.

तू तेव्हा विसरायला लागली होतीस, हे खोटं नाही. गॅस दोनदा चालू राहिला होता. मला आईच्या नावाने हाक मारायचीस, "सिंधू, चहा टाक." म्हणून मी मनाशी हिशेब केला आणि त्याच संध्याकाळी तुला सुनावलं, "उद्यापासून मोजणी मी घेते. तू फक्त गाणी घे." मी आपली समजत होते, तुझी अब्रू वाचवतेय! तू म्हणालीस, "बरं." भांडल्याशिवाय 'बरं' म्हणणारी तू नव्हेस. चाळीस वर्षांत मी तुझं एवढं छोटं उत्तर ऐकलं नव्हतं. मग तू सगळे पुठ्ठे जुन्या टॉवेलात गुंडाळून ट्रंकेत ठेवलेस आणि खिडकीपाशी स्टुलावर जाऊन बसलीस.

तिथून तू माझी मोजणी बघायचीस. मी छापील तक्ते लावले होते, लाल सफरचंदांचे. कधी बोलली नाहीस. संक्रांत झाली आणि चौथ्या दिवशी सकाळी, कचरागाडीचं गाणं गल्लीत वाजत असताना, तू उठलीच नाहीस. एकदा तरी भांडायचं होतंस गं! मला दोन शब्द सुनावून जायला तुला काय झालं होतं?

आज सकाळी सफरचंदांच्या तक्त्यापुढे अर्धी मुलं पेंगत होती. वेदू म्हणाली, "दीदी, मावशीवाले निकालो ना." मी आजवर ती ट्रंक उघडली नव्हती. भीती वाटायची. पण सोळा जणांनी एकदम "मावशीवाले, मावशीवाले" चालू केल्यावर मी हात टेकले. टॉवेल सोडला तर सगळ्यात वर हाच मांजरांचा. मी तो खाली सरकवणार होते, वेदूने ओढून घेतला.

मी म्हटलं, होऊ दे. तिला नीट पाच शिकवू.

तिने मोजायला घेतलं. सुरुवात ओट्यापासून केली नाही. आधी घराच्या अर्धवट उघड्या दारावर बोट ठेवलं. "एक." मग ओट्यावर, "दो, तीन, चार." त्यावर आपला इवलासा तळहात फट्‌कन ठेवला, तुझ्यासारखाच, आणि गल्लीत, "पाँच, छह."

"दारावर कोण आहे गं?" मी विचारलं.

"पूँछ है ना दीदी!"

मी पुठ्ठा खिडकीशी नेला. मावशी, शेपूट आहे. तपकिरी दाराच्या आडून तपकिरी शेपूट, बोटाच्या पेराएवढं. आत एक पिल्लू आहे. मी मुलांना शिकवते ना, तीन-दोनचे घोळके एका नजरेत ओळखायला? तीच माझी नजर चित्रावरून गेली आणि पुढे निघून गेली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते मलाच. चित्र बघायला मी थांबलेच नाही. जी पोरं थांबली, ती बरोबर होती. तू बरोबर होतीस. त्या दिवशी त्या खोलीत चुकलेली मी होते, आणि हसणारीही मीच.

मग मी सगळे पुठ्ठे सतरंजीवर मांडले. चिमण्यांच्या तारेमागे पानातून एक चोच. बकऱ्यांच्या गाडीमागे एक कान. प्रत्येकात एक जण लपलेला, आणि इतक्या दिवसांत मी एकदाही पोरांबरोबर मोजून पाहिलं नव्हतं! पोरांना सगळे पाठ. मी विचारलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? वेदू म्हणाली, "मावशी बोलती थी, जो दिखे नहीं उसको पहले गिनो. नहीं तो वो रूठ जाता है."

मी मांडलेले पुठ्ठे एकेक करून उचलले. शेवटी विचारलं, "आणि सकाळी अठरावं कोण?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं तू त्या दिवशी पाहिलं होतंस. "मावशी," ती म्हणाली. "और कौन?"

गेले सहा महिने मी सोळा लेकरांना रोज सकाळी चूक ठरवत होते. तुला रोज सकाळी मोजणीतून काढत होते. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, शंभराव्यांदा! तू रुसली होतीस का गं? म्हणून कानात बोलत होतीस का?

एकच विचारते. त्या दिवशी नुसतं बोट ठेवायचं होतं शेपटावर. सगळ्यांसमोर माझंच हसं झालं असतं, आणि ते झालेलं बरं होतं. तू का नाही ठेवलंस? दुपारभर हाच विचार करतेय आणि मला वाटतं, कळलंय. तू कुठल्याच पोराला उत्तर सांगायची नाहीस. चुकलं तर एवढंच म्हणायचीस, मोज परत. त्या दिवशी तू मलाही तेच म्हणालीस. मी मॅडम होऊन उभी होते आणि तू मला सतरंजीवरच्या पोरांतच धरलं होतंस.

आता ऐक. तुझं स्टूल आतून आणलंय, खिडकीपाशी ठेवलंय. उद्यापासून मोजणी तुझ्यापासून सुरू होईल, सगळ्यात आधी तू. येत्या शनिवारी पालकांना बोलावलंय. त्या हसणाऱ्या वडिलांच्या हातात हा पुठ्ठा देईन, मोजा म्हणेन, आणि मग सगळ्यांसमोर सांगेन की मावशी चुकली नव्हती, मी चुकले होते. माझा आवाज फुटला तरी पूर्ण सांगेन. हा माझा शब्द.

आणि मावशी, मी परत मोजलं. सहा आहेत.

तुझी,
रेवा