प्रभूचा वार कोणता

गुरुवार, संध्याकाळ

डोकं उठलंय. येत्या रविवारी चर्चच्या सिस्टर आमच्या स्टेलाची तोंडी परीक्षा घेणार, आणि त्यात ती चुकली तर तिच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाचा विधी वर्षभर पुढं जाणार. दहा आज्ञा घडाघडा म्हणते. पण मधूनच विचारलं, "प्रभूचा दिवस कोणता?" तर म्हणते, "गुरुवार."

तिसऱ्यांदा! मी रागावले, "अगं, गुरुवार कुठून आणलास?"

"पप्पांना सुट्टी असते ना. तूच म्हणालीस, त्या दिवशी काम करायचं नाही, देवासाठी सगळ्यांनी एकत्र राहायचं."

पलंगावर पडलेले हे खो खो हसले. "बरोबर आहे की पोरीचं! आमच्या एमआयडीसीत देवसुद्धा गुरुवारीच विसावतो."

मला मुळीच हसू आलं नाही. पण तिचं तरी काय चुकलं? अर्धा किलो मटण येतं ते गुरुवारी. चौघं एका ताटाभोवती बसतो ते गुरुवारी. रविवारी हे पहाटेच कंपनीच्या बसला, आणि मी एकटी दोघी पोरींना घेऊन चर्चमध्ये मिस्साला.

दहा वेळा तिच्याकडून "रविवार" म्हणवून घेतलं. मग हळूच विचारते, "मम्मी, मग पप्पा रविवारी कामाला जातात, ते पाप आहे का?"

ह्यांचं हसणं थांबलं. दोघंही माझ्याकडे बघत राहिले. "आज एवढं पुरे," म्हणून मी पुस्तक मिटलं.

सिस्टरांना विचारीन म्हणा. पण स्टेलाला उत्तर माझ्याकडून हवं होतं. आणि मला वाटतं, ह्यांनाही.