मागच्या झाकणाखालची जागा

३० नोव्हेंबर, रविवार

प्राचे, मागच्या रविवारचं लिहायचं विसरलीस ना? दोन डिग्र्या घेतल्यास, आणि आजी काय बोलली ते आठवडाभर डोक्यात राहत नाही. मला अक्षर येत नाही, पण मी काही विसरत नाही. आता मोबाइलवर बोलते ते ऐक आणि लगेच लिही. लिही, पण वाचू नको. ही वही माझी खाजगी आहे. मलासुद्धा वाचता येत नाही, त्यामुळे गुपित फुटायची भीती नाही.

तुझ्या भावाला, सम्राटला, नवी नाव घ्यायची आहे. नवी म्हणजे कुणीतरी वापरून कंटाळलेली. आपली निळी रुंद आणि बसकी, दोघांची. सम्राट मागे वल्हं मारतो, पुढे त्याची बायको अनिता नाहीतर मी. पण ती चरकाच्या बैलासारखी जागच्या जागी फिरते. नदीच्या पहिल्या वळणापर्यंत सम्राट घामाघूम, आणि मी जलपर्णीचा कुजका वास घेत बसलेली. शी. तो म्हणतो, लांब पल्ल्याची कायक पाहिजे, म्हणजे निमुळती, सरळ चालणारी नाव. बरोबर आहे. तिसऱ्या वळणाला, पलीकडे शिरूर तालुक्यात, माझी धाकटी बहीण धुरपदा राहते. तिच्या पणतूचं बारसं एकवीस तारखेला आहे. मी नावेतून येते असं फोनवर सांगून टाकलं. ती हसली. तिचं हसणं मला लहानपणापासून आवडत नाही.

ठराव: नाव मी निवडणार. गूळ शिजवायच्या काहिलीत बसून मी हीच भीमा ओलांडलेली आहे. या घरात पाण्यातलं कळणारी मी एकटी.

७ डिसेंबर, रविवार, दुपार

यवतला एक पाहिली. गच्चीवर उन्हात टाकलेली, रंग उडून पांढरीफटक. अंगठ्याने दाबलं तर पोट आत गेलं ते बाहेर येईना. बसायच्या जागेत मेलेली पाल. मालक म्हणाला, दोनदाच वापरली आहे. मी म्हणाले, दोनदा जुंपलेल्या बैलाच्या मानेला घट्टे पडत नाहीत, हिच्या तळाला एवढे चरे कसे? त्यावर त्याने मला चहा विचारला. कपावर माशी होती. घेतला नाही.

मुख्य खोट वेगळीच. तिला बसायला भोक एकच. एकट्या माणसाची नाव कोण बनवतं? हे मी बोलले नाही. बोललं की लोकांना वाटतं, म्हातारीला बसायचं आहे.

१० डिसेंबर, बुधवार

सम्राट शिक्रापूरच्या कंपनीतून आला की रोज मोबाइलवर नावा दाखवतो. सगळ्या एका भोकाच्या. एकीला मी सुसरतोंडी म्हणाले, दुसरीचा रंग ओकारीचा. तिसरीत काही खोट सापडेना, तर विकणाऱ्याची मिशी आवडली नाही म्हणाले. अनिता म्हणाली, आजी, आपण नाव बघतोय का स्थळ? तोंडाळ आहे. भाकरी मात्र चांगली करते.

१४ डिसेंबर, रविवार

सापडली. केडगाव स्टेशनजवळ ज्ञानेश म्हणून मास्तर आहे, त्याची पाठ धरली म्हणून विकतो. नारिंगी, शेडमध्ये ठेवलेली, रंग शाबूत. तोंडापासून शेपटीपर्यंत हात फिरवला, कुठे चीर नाही. शेपटीखाली एक पातं, दोरी ओढली की खाली येतं, म्हणजे वाऱ्यात तोंड फिरत नाही. सम्राटला बसवून पाहिलं, कंबर नीट बसली.

आणि मागे, सम्राटच्या पाठीशी, झाकण. काढलं तर आत ऐसपैस पोकळी. मी एका नजरेत ओळखलं. दुसऱ्या माणसाची जागा! उतरल्यावर धूळ जाऊ नये म्हणून वर झाकण. ज्ञानेश म्हणाला, मागं बरंच मावतं. मी जास्त काही विचारलं नाही. विचारलं की विकणारा भाव वाढवतो. बादलीभर पाणी आत ओतायला लावलं, एक थेंब गळला नाही. म्हणाले, हीच.

निळी लगेच विकायला लावली. सम्राट म्हणत होता, राहू दे, आजी. मी म्हणाले, दारात दोन नावा कशाला? पोपट मासेवाला घेऊन गेला. आमची स्वच्छ नाव, आता तिच्यात चिलापी मासे लोळणार.

१८ डिसेंबर, गुरुवार

जागा जरा अरुंद वाटली होती. ठराव: बारशापर्यंत अर्धी भाकरी.

संध्याकाळी अनिताने धपाटे केले. धपाटे म्हणजे भाकरी नव्हे.

धुरपदाला फोन केला. म्हणाले, काठावर उभी राहा, चार बायका बोलाव.

२१ डिसेंबर, रविवार, सकाळी

सगळी आळी काठावर. मी नवं लुगडं नेसून, वर लाइफ जॅकेट. झाकण काढलं. एक पाय गुडघ्यापर्यंत गेला. दुसरा कुठे घालायचा ते कळेना. सम्राट हळूच म्हणाला, "आजी, ती डबा आन् कपडे ठेवायची जागा हाय."

मी म्हणाले, माहीत आहे, तपासतेय.

पाय निघेना. अनिताने खोबरेल ओतलं, तेव्हा निघाला. तेवढ्यात पोपट आमची निळी घेऊन आला, गोल गोल फिरत, म्हणाला, "मावशे, बस की." आत खवले आणि चिखल. थू. सम्राट म्हणाला, मोटारसायकलवर सोडतो. मी म्हणाले, नको, नावेतून येते म्हणून सांगितलंय.

मग सम्राट एकटाच गेला. बाळाचं झबलं-टोपरं मागच्या झाकणाखाली ठेवलं. नीट मावलं. नाव अशी सरळ गेली की पहिलं वळण कधी घेतलं ते कळलं नाही. निवड माझीच होती.

त्याच दिवशी, दुपारी

आळी पांगली. पाय अजून तेलकट आहे. धुरपदाचा फोन दोनदा वाजला. उचलला नाही, हसत असणार.

प्राचे, हे लिहून झालं की तूच तिला फोन कर. म्हणावं, आजीला सर्दी झाली. आणि सांग, सम्राट परत निघेल तेव्हा मागच्या झाकणाखाली माझं ताट पाठव. बारशाच्या घुगऱ्या, दोन बाजरीच्या भाकरी आणि मरळीचं कालवण, घट्ट झाकणाच्या डब्यात. चिलापी नको.