पाचवी नळी

३ मार्च

आता आमच्या दवाखान्याच्या लॅबमध्ये तपासणीची पट्टी वाचवायची नवी युक्ती. पाच जणांचं रक्त थोडं थोडं घेऊन एकत्र करायचं आणि एकाच पट्टीवर एचआयव्ही तपासायचा. निगेटिव्ह आलं तर पाचही जण सुटले. पॉझिटिव्ह आलं तरच प्रत्येकाला वेगळी पट्टी. डॉक्टरांचा हुकूम — पाच नळ्या जमल्याशिवाय पट्टी फोडायची नाही. परदेशातून येतात त्या, सोन्याच्या भावाने. फुकट देणाऱ्या संस्थेने हात वर केलेत. हातमोजेही संपले, फाटकेच धुऊन वापरतो. रोग फुकट मिळतो, तपासणी तेवढी मिळत नाही.

५ मार्च

चार नळ्या फ्रिजमध्ये पडून. ट्रक चालवणारा ड्रायव्हर, शिंपीणबाई, ऑपरेशनसाठी आलेला म्हातारा वॉचमन आणि ती पोटुशी बाई. पाचवं कुणी येईना. पोटुशीचे दिवस भरत आलेत. लागण असेल तर बाळंतपणाआधी गोळ्या सुरू व्हायला हव्यात, नाहीतर बाळाचं काही खरं नाही. "ताई, कधी कळेल?" रोज येऊन विचारते.

शेवटी मीच बाही वर केली. माझं रक्त काढलं, पाचवी नळी भरली. पिल्लू पोटात असताना माझी तपासणी झाली होती, निगेटिव्ह होते. माझ्याने काय बिघडणार! डॉक्टर हसले. "डोकं आहे हं तुला." दिवसभर स्वतःवरच खूश होते.

६ मार्च

दोन रेघा. पॉझिटिव्ह.

आणि ती शेवटची पट्टी होती. नवा माल कस्टममध्ये अडकलाय.

९ मार्च

फोन करून करून डॉक्टरांचा घसा बसला. म्हटलं, निदान त्या पोटुशीला तरी गोळ्या द्या. "रिपोर्टशिवाय गोळी सुटत नाही. वरचा नियम." वरच्यांच्या घरी कुणी पोटुशी नसावं.

तिला खोटंच सांगितलं, मशीन बिघडलंय. जाता जाता उंबऱ्यात थांबली. "ताई, असलं तर दूध पाजायचं नाही का हो?" मी पाठ केलेलं म्हणून दाखवलं — औषध चालू नसेल तर दुधातूनही जातं. ती पोटावर हात ठेवून उभीच राहिली. असं सांगायला जीभ कशी रेटते माझी, कोण जाणे.

१२ मार्च

ड्रायव्हरच आहे. माझी खात्री झालीय. महिना महिना घराबाहेर, कुठे कुठे मुक्काम. आज येऊन गेला, वहीत सही केली. तो गेल्यावर मी पेन पुसलं. मी! पेनाने काही होत नाही म्हणून लोकांना ओरडून सांगते ती मी. लाज वाटली, पण पुसलं.

घरी सासूबाईंचं तेच. "दीड वर्षाचं झालं ते, आता तरी अंगावरचं तोड." पिल्लू ऐकेल तर ना. चावतं मेलं. यांचा बोटीवरून फोन आला, पुढच्या महिन्यात बंदराला लागेल म्हणाले. मागच्या सुट्टीत आले तेव्हा पिल्लूने ओळखलंच नव्हतं यांना, माझ्यामागे लपलं होतं.

१५ मार्च

पट्ट्या नाहीत. बाई येऊन गेली. मी संडासात लपून बसले.

१९ मार्च

डॉक्टर शहरात जाऊन एका खासगी लॅबवाल्याच्या हातापाया पडले. चार पट्ट्या घेऊन आले.

"पाचवी?" मी विचारलं.

"अगं, तुझी कशाला? तुझं तर माहीतच आहे."

खरंच की.

पोटुशीची आधी लावली. एकच रेघ! ती भिंतीला धरून खाली बसली, हुंदके देऊन रडली. मीही रडले. म्हटलं, जा आता, बिनघोर बाळंत हो आणि बाळाला पोटभर पाज. बाकीच्यांना उद्या बोलावलंय.

२० मार्च

शिंपीणबाई निगेटिव्ह. वॉचमनही. राहिला ड्रायव्हर. त्याला कसं सांगायचं ते मी सकाळपासून मनात घोकत होते. समोर बसवलं, पाणी दिलं, पट्टी लावली.

एकच रेघ.

खिडकीशी नेऊन पाहिली. एकच.

"चांगलंच आहे ना हे, ताई?" तो म्हणाला. "मग तुमचं तोंड का उतरलं?"

डॉक्टर म्हणाले, एकत्र तपासणीत होतं असं कधीकधी, चुकीचं येतं, विसरून जा. बोलताना माझ्याकडे मात्र पाहिलं नाही. पाचव्या पट्टीचं नावही काढलं नाही.

२१ मार्च

मागे फाटक्या हातमोज्यातून बोटात सुई गेली होती, ती? की हे सुट्टीवर आले होते तेव्हा? ड्रायव्हरचं पेन पुसलं मी.

पिल्लू दारावर थापा मारतंय. सासूबाई बाहेरून ओरडतायत — "घे की गं त्याला, भूक लागलीय."

मी कडी लावून बसले आहे.