अर्धा चमचा चूर्ण

अण्णा, आधी एक तक्रार नोंदवून घ्या. तुमचा जेवणाचा पाट आठवड्यापासून गच्चीवर हद्दपार आहे आणि त्यावर मोगऱ्याची कुंडी विराजमान झाली आहे. तुमच्या सूनबाईंचा निकाल असा, की जमिनीवरची कुठलीही वस्तू पायात येऊ शकते. त्यामुळे मी हल्ली टेबलाशी जेवतो, तोंडी परीक्षेला बसल्यासारखा.

कारण गोड आहे. तुम्ही न पाहिलेली तुमची नात सातव्या महिन्यात माहेरी, आमच्या हरिशंकरपुरमच्या घरी आली आहे. बाकीचे कायदे मात्र माझेच, हे कबूल करतो. न्हाणीघरात रबरी मॅट, वरच्या फळीवरचे डबे खाली, स्कूटीची किल्ली माझ्या खिशात, भरलेली बादली उचलणं निषिद्ध. "बाबा, अब बस भी करो, मी काय काचेची आहे?" असं ती विचारते. "काचेची असतीस तर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली असती," मी म्हणतो.

एवढं सगळं करून घोटाळा केला तो मीच. लोहाच्या गोळ्यांनी तिचं पोट साफ होईना. तुमच्या औषधांच्या वहीतलं हिरडा-सोनामुखीचं चूर्ण मी दरवर्षी घरी करतो, आम्हा सगळ्यांना ते मानवतं. मोठ्या तोऱ्यात कोमट पाण्यातून अर्धा चमचा दिला, वर हिरड्याच्या स्तुतीचा श्लोकही ऐकवला. दोन दिवस हे चाललं. तिसऱ्या दिवशी, म्हणजे काल सकाळी, ती पोट धरून पलंगावर बसली.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. बाळाचे ठोके ठीक होते, कळाही तासाभरात थांबल्या. "घर का चूर्ण भी दवा ही होता है, बिना पूछे कुछ नहीं लेना," त्या म्हणाल्या. "दिया किसने?" मी तोंड उघडायच्या आत लेक म्हणाली, "मैंने ही ले लिया था." पुन्हा दुखलं, अंगावरून गेलं किंवा बाळाचं हलणं कमी वाटलं तर लगेच या, नाहीतर परवा दाखवा, असं सांगून त्यांनी आम्हाला घरी पाठवलं.

परतताना रिक्षा महाराज बाड्याच्या चौकात अडकली आणि मला तुमचा नया बाज़ारातला दवाखाना आठवला. तेव्हा मी एम.ए.ला होतो. तुम्ही वर जेवायला बसला आहात आणि खाली मी ह्याच चूर्णाची पुडी एका बाईंना देऊन मोकळा होतो. तुम्ही उष्ट्या हाताने, अनवाणी जिना उतरता, भर बाजारातून ती पुडी परत आणता, आणि सगळ्या रोग्यांसमोर मला म्हणता, "श्लोक पाठ आहेत, पण समोरचं माणूस दिसत नाही. कितवा महिना, विचारलंस तिला?" आठवडाभर मी तुमच्याशी धड बोललो नव्हतो. अपमान तेवढा लक्षात राहिला, अण्णा. कशाबद्दल झाला होता ते रिक्षात बसल्यावर आठवलं.

काल संध्याकाळपासून काहीतरी निमित्त काढून तिच्या खोलीत डोकावतो आहे. "हललं का गं?" "हललं, बाबा. आता दर पाच मिनिटांनी थोडंच सांगणार आहे ते?" तुमच्या सूनबाईंना मी अजून खरं सांगितलेलं नाही. हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? वहीतच ठेवतो, चूर्णाच्या पानावर.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेला परवा, म्हणजे उद्याचा दिवस, अजून यायचा आहे. पेला तोंडाला लावण्याआधी तिनं विचारलं होतं, "बाबा, चालेल ना?" आणि मी कुणालाही न विचारता 'चालेल' म्हणालो होतो. मला फार भीती वाटते आहे.